नीलवंताची सनद

आश्विन सरत आला, भाताच्या लोंब्या ओथंबल्या आणि सकाळचे ऊन दापोलीच्या जांभ्याच्या गडग्यांवर पसरले, की निकडीचा खलिता घेऊन निघालेल्या जासुदासारखे एक मोठे काळे-निळे फुलपाखरू परसातल्या जास्वंदीवर येते, क्षणभर सोंड बुडवते आणि पंखांची फडफड न थांबवताच कुंपणापलीकडे नाहीसे होते. हाच नीलवंत, शास्त्रीय परिभाषेत पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. २०१५ च्या जून महिन्यात राज्य वन्यजीव मंडळाने त्याला राज्य फुलपाखरू म्हणून शेकरू, हरियाल आणि ताम्हण या राज्यचिन्हांच्या पंक्तीला बसवले, आणि फुलपाखराला असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले.

पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटिमीटर. पुढचे पंख मखमली काळे व त्यांवर निळसर रेघांचा पट्टा. मागच्या पंखांचा बाहेरील मोठा भाग फिकट निळा व त्यावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी. पंख मिटले म्हणजे मुळाशी तांबडे डाग दिसतात. पुच्छधारी फुलपाखरांच्या कुळात जन्मूनही याला शेपूट नाही.

या वैभवाचे बालपण मात्र दीनवाणे. परसातल्या कागदी लिंबाच्या पानावर पाखराची शीट पडली आहे असे समजून ती झटकावी म्हणून एकदा मी काडी लावली, तो ती शीट चालू लागली, आणि डोक्यामागून एक मांसल दुशिंगी बाहेर काढून तिने उग्र दर्प सोडला! मादी कोवळ्या पानांवर एकेक वाटोळे अंडे घालते. त्यातून निघालेली अळी आरंभी विष्ठेचे सोंग घेते, पुढे कात टाकून पानासारखी हिरवी होते व छातीवर डोळ्यांसारखे ठिपके मिरवते. अखेर रेशमी धाग्याचा कमरबंद बांधून ती कोशात जाते. कोशही भोवतालास अनुसरून हिरवा वा तपकिरी असतो. लिंबू, पपनस आणि रानातील माकडलिंबू व किरमिरा ही सर्व एकाच कुळातील झाडे, आणि त्या कुळावरच या अळीची उपजीविका अवलंबून आहे.

म्हणूनच पश्चिम घाट, दक्षिण भारत व श्रीलंका यांच्या दमट रानांचा हा रहिवासी कोकणातल्या परसांतही सहज नांदतो. नरांचे चित्त तर पऱ्याकाठच्या ओल्या मातीतील क्षारांवर विशेष जडलेले असते. शेजारच्या कारवार मुलुखातील फुलपाखरांची पहिली मोठी दप्तरवार नोंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आली, आणि तिचे कर्ते तिघेही सरकारी अंमलदार होते : मुलकी खात्याचे डेव्हिडसन, जंगल खात्याचे बेल आणि मीठ-जकात खात्याचे एटकिन. यांपैकी एटकिन रत्नागिरीतही नोकरीस होते.

१९७२ पासून कृषी विद्यापीठ नांदत असलेल्या गावात लिंबाच्या पानाची किंमत कोणाला सांगावयास नको. त्यामुळे पान कुरतडलेले दिसताच फवारणीचा पंप बाहेर निघतो. परंतु नीलवंताला सनद मंत्रालयाने दिली असली, तरी त्याचे वतन आपल्या परसातच आहे. आमच्या गड्याला मी हे समजावले, तेव्हा तो हसला आणि लिंबाची गडग्याकडची एक फांदी वगळून त्याने बाकीचे झाड फवारले. ती फांदी तेव्हापासून इनाम आहे.