भाव बदलला, तरी प्रोग्राम चालूच

वणी-पांढरकवड्याकडे कापसाचा हंगाम भरात आला की जिनिंगमधल्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर बंद करायला सवड कुणाला? बाहेर गाड्यांची रांग. आणि आकडे तर बदलणारच. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२४-२५च्या हंगामात क्विंटलला ७,५२१ रुपये होता, २०२५-२६ला ८,११० झाला. असा आकडा कोडमध्ये कोंबू नका, सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवा.

जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये मात्र एक गोम आहे. कॉन्फिग फाइल एकदा वाचली की पुढे मेमरीतलीच किंमत मिळत राहते. 'रिफ्रेशसेक्शन' या मेथडला 'ॲपसेटिंग्ज' हे विभागाचं नाव दिलं, की पुढच्या वेळी ती डिस्कवरून ताजी वाचली जाते. बदलायची ती एक्झीशेजारची फाइल, प्रोजेक्टमधली नव्हे (इथे भलेभले फसतात!). फाइलवर नजर ठेवायला 'फाइलसिस्टमवॉचर' आहे. पण एकाच सेव्हला तो दोन-तीनदाही हाक मारतो, म्हणून क्षणभर थांबून वाचा.

माझं स्पष्ट मत: भरल्या गाडीचं वजन झाल्यावर रिकामीचं होईपर्यंत भाव हलता कामा नये. पावती उघडताना वाचलेला भाव त्या पावतीतच साठवा. नवा भाव पुढच्या गाडीपासून.