गळास लागलेला मोठा मासा : पकडणे, मोजणे व जतन करणे

परळ, लालबाग, दादर व गिरगाव या भागांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांची शेती कोकणात अथवा घाटावर आहे. गावच्या शेततळ्यात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडलेली असतात. सुट्टीत गावी गेलेल्या मंडळींच्या गळाला एखादे वेळी आठ-नऊ किलोचा कटला लागतो. असा मासा कापून वाटला म्हणजे त्याची केवळ गोष्ट उरते, आणि गोष्टीतील मासा दर वर्षी वीतभर वाढत जातो. तोच मासा नीट मोजून व त्याचे कातडे जतन करून गावच्या शाळेत ठेवला, तर आपल्या पाण्यात मासा किती वाढू शकतो याचा तो कायमचा पुरावा ठरतो. यास्तव ही कृती येथे क्रमाने दिली आहे.

कोणता मासा घ्यावा

कटला, रोहू व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालीत नाहीत. पावसाळ्यात नदीच्या वाहत्या पुरात त्यांचे प्रजनन होते. शेततळ्यातील साठा बाहेरून आणलेल्या बोटुकलींचा असल्यामुळे त्यातून एक मोठा मासा काढल्याने वंशवृद्धीस बाध येत नाही. नदीतील मासळीची गोष्ट मात्र निराळी आहे. पावसाळ्याच्या तोंडी मोठ्या मादीच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे लाखाच्या आसपास अंडी असतात. अशी एक मादी मारणे म्हणजे बियाण्याची कणगीच जाळण्यासारखे होय.

सह्याद्रीच्या नद्यांतील महसीर हा तर सावकाश वाढणारा व तुलनेने थोडी अंडी घालणारा मासा आहे. त्याची संख्या घटल्यामुळेच टाटा वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन करून पिले जलाशयांत सोडण्याचे कार्य हाती घेतले. महसीर गळास लागल्यास तो मोजून त्वरित पाण्यात सोडावा. त्याची प्रतिकृती करता येते. ती कशी, हे पुढे सांगितले आहे.

गळ व आमिष

कटल्याचे डोके मोठे व तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारे सूक्ष्म जीव खातो. रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. म्हणून कटल्यासाठी आमिष तळाशी न टाकता वरच्या थरात लोंबते ठेवावे. शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा व थोडी कणीक यांचा सैलसर गोळा उत्तम. तो पाण्यात हळूहळू विरघळतो व मासा त्याकडे ओढला जातो. मासा लागताच दोरी हिसकू नये. त्यास पळू द्यावे, दमवावे आणि मग हातजाळीने उचलावे.

पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास बांधला गेला. मुंबईच्या गळवाल्यांचे ते जुने ठिकाण होय. तेथे अथवा अन्य सार्वजनिक तलावावर जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी अवश्य करावी. पवईत मगरी आहेत, हेही ध्यानात असावे. सुरुंग वा विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या कायद्यानेच मनाई झाली होती. तो मार्ग मनातही आणू नये.

मोजमाप

मासा हाती येताच प्रथम ताज्या रंगाचे छायाचित्र घ्यावे, कारण मृत्यूनंतर रंग लवकर फिका पडतो. नंतर तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी व पोटाच्या जाड भागाचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्यावा. काटा जवळ नसल्यास लांबीस घेराच्या वर्गाने गुणून २९,००० ने भागावे. उत्तर स्थूलमानाने किलोग्रॅममध्ये वजन देते. उदाहरणार्थ, लांबी ८० व घेर ५६ असल्यास वजन सुमारे साडेआठ किलो भरेल. मासा सोडावयाचा असल्यास हात ओले करून ही मापे लगोलग घ्यावीत.

कातडे काढणे व भरणे

जतन करावयाच्या माशाचे पोट चिरू नये. कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढावी. लगेच काम करणे शक्य नसल्यास ओल्या फडक्यात व प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तो गोठवून ठेवावा. भिंतीकडे राहणाऱ्या बाजूवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एकच चीर घ्यावी. कातडे मांसापासून हळूहळू सोडवावे व परांची मुळे आतून कात्रीने कापावीत. गालांतील मांस, डोळे व सर्व चरबी काढून टाकावी. चरबी राहिली तर पुढे तेल पाझरते व दुर्गंधी येते. कातडे धुऊन आतून टाकणखार चोळावा. पूर्वी यासाठी सोमलयुक्त साबण वापरीत. तो विषारी असल्याने वर्ज्य समजावा.

बाह्यरेषेनुसार थर्मोकोल वा हलक्या लाकडाचा साचा कोरून आत बसवावा व चीर शिवावी. पर पसरून पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत टाचावेत. सावलीत काही आठवडे सुकल्यावर काचेचा डोळा बसवून, छायाचित्र पाहून रंग द्यावा व वर व्हार्निश लावावे. नवशिक्याने प्रथम दादर वा लालबागच्या बाजारातील रोहूवर हात बसवावा. टाकणखार लागलेले मांस खाऊ नये.

प्रतिकृतीचा मार्ग

सोडून दिलेल्या माशाची प्रतिकृती मापे व छायाचित्रे यांवरून करता येते. साच्यातून आकार काढणे व त्यावर छटा चढविणे यांत लालबाग-परळच्या गणेशमूर्ती कार्यशाळांतील कारागीर निष्णात असतात. त्यांचे साह्य घ्यावे. चर्मपूरणाची विद्याही परळला अपरिचित नाही. तेथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. संतोष गायकवाड यांच्या प्रयत्नांतून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली चर्मपूरण केंद्र उभे राहिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येणाऱ्या प्राण्यांना मात्र वनखात्याच्या परवानगीवाचून हात लावू नये.

निगा

मुंबईची हवा दमट व खारट आहे. म्हणून मासा काचेच्या बंद पेटीत डांबराच्या गोळ्यांसह ठेवावा. ऊन व चुलीचा धूर टाळावा. पेटीवर माशाचे नाव, तळे, तारीख, लांबी, घेर, वजन व खाद्य यांची नोंद लावावी. नोंद नसलेला मासा केवळ शोभेची वस्तू ठरतो, तर नोंद असलेला मासा त्या पाण्याचा इतिहास सांगतो. आपल्या गावच्या शाळेत असा एक मासा व त्याशेजारी सोडून दिलेल्या महसीराची एक प्रतिकृती असेल, तर काय घ्यावे व काय राखावे हा धडा मुलांना निराळा शिकवावा लागणार नाही.