दिवेलागणीचे आकाश

सूर्य मावळतो, पश्चिमेची लाली ओसरू लागते आणि घरोघरी दिवे लागतात. त्याच सुमारास आकाशातही एखादा तेजस्वी ठिपका प्रकट होतो. सर्वसाधारणपणे त्याला ‘चांदणी’ म्हटले जाते; परंतु तो तारा आहे की ग्रह, याचा विचार क्वचितच केला जातो. वास्तविक हे ओळखण्यासाठी दुर्बिणीची गरज नसते. उघडे डोळे, दिशांचे ज्ञान आणि थोडा धीर एवढे पुरेसे असते.

सूर्य क्षितिजाखाली गेल्यावरही वातावरणाच्या वरच्या थरांवर त्याचा प्रकाश पडत राहतो. यालाच संधिप्रकाश म्हणतात. ज्याचे तेज या उजेडावर मात करते, तेच आधी दिसते. चंद्राखालोखाल शुक्र सर्वांत तेजस्वी, त्यानंतर सामान्यतः गुरूचा क्रम लागतो. ताऱ्यांमध्ये पहिला मान व्याधाचा आहे.

‘शुक्राची चांदणी’ हा शब्दप्रयोग रूढ असला, तरी शुक्र हा ग्रह आहे. पृथ्वीपेक्षा तो सूर्याच्या अधिक जवळ असल्यामुळे आकाशात सूर्यापासून सुमारे ४७ अंशांहून दूर कधीच दिसत नाही. म्हणून तो सायंकाळी पश्चिमेस किंवा पहाटे पूर्वेसच आढळतो. दिवेलागणीला पूर्वेकडे एखादी तेजस्वी ज्योत दिसली, तर ती शुक्र नव्हे हे निश्चित समजावे. गुरू, तांबूस मंगळ आणि फिकट पिवळसर शनी यांना हे बंधन नाही. मात्र सर्व ग्रह सूर्य-चंद्राच्या मार्गालगतच, राशीचक्राच्या पट्ट्यात असतात. त्यामुळे त्या पट्ट्यापासून दूर उत्तरेकडे चमकणारा ठिपका ग्रह असू शकत नाही.

तारे लुकलुकतात, ग्रह स्थिर तेजाने प्रकाशतात, ही ओळखीची दुसरी खूण होय. तारे इतके दूर आहेत की ते केवळ बिंदूसारखे दिसतात. सर्वांत तेजस्वी व्याधदेखील आपल्यापासून सुमारे ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. हवेच्या हालचालीमुळे अशा बिंदूचा प्रकाश सतत थरथरतो. ग्रह जवळ असल्याने त्यांना लहानशी तबकडी असते व ही थरथर जाणवत नाही. परंतु क्षितिजालगत हवेचा थर जाड असतो. तेथे ग्रहही लुकलुकताना दिसतो. म्हणून केवळ या एका खुणेवर विसंबू नये.

तिसरी खूण ऋतूची. जानेवारी-फेब्रुवारीत सायंकाळी आग्नेयेस व्याध, त्याच्या वर मृग नक्षत्र आणि आणखी वर तांबूस रोहिणी दिसते. मे महिन्यात पूर्वेस नारिंगी स्वाती, तर आग्नेयेस निळसर-पांढरी चित्रा चमकते. सप्टेंबरअखेरीस अभिजित जवळजवळ डोक्यावर असतो, आणि नैर्ऋत्येस लालसर ज्येष्ठा मावळतीकडे झुकलेली असते. ताऱ्यांचे हे वेळापत्रक दरवर्षी तेच राहते. ग्रह मात्र ताऱ्यांमधून सरकत राहतात; म्हणून गेल्या वर्षी जेथे गुरू दिसला, तेथे तो यंदा दिसत नाही.

या फरकाचे महत्त्व एका प्रसंगातून स्पष्ट होते. २०१२ च्या उत्तरार्धात व २०१३ च्या आरंभी लडाखच्या सीमाभागात तैनात असलेल्या जवानांना आकाशात वारंवार दोन तेजस्वी ज्योती दिसत होत्या. त्या शेजारी देशाने पाठविलेली मानवरहित हेरगिरी विमाने असावीत, असा संशय निर्माण झाला आणि त्यांच्या शेकडो नोंदी झाल्या. अखेर बेंगळुरू येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील शास्त्रज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. या ज्योती ताऱ्यांच्या तुलनेत कशा सरकतात, हा त्यांच्यासमोरचा पहिला प्रश्न होता. वेळ आणि स्थान यांच्या नोंदी तपासल्यावर उलगडा झाला: एक ज्योत गुरू होती, दुसरी पहाटेचा शुक्र. उंचावरील विरळ, स्वच्छ हवेत ते अधिकच तेजस्वी भासत होते. जवानांची दक्षता योग्यच होती. आणि त्यांनी ठेवलेल्या नोंदींमुळेच संशयाचे निरसन होऊ शकले.

हीच पद्धत कोणालाही घराच्या अंगणातून किंवा गच्चीवरून अवलंबता येते. तेजस्वी ज्योत दिसताच तारीख, वेळ, दिशा आणि जवळचे तारे वहीत लिहावेत. काही मिनिटांतच आकाश ओलांडून गेली, तर ती विमान किंवा कृत्रिम उपग्रह असू शकते. तारा असेल, तर तो दररोज सुमारे ४ मिनिटे आधी, म्हणजे महिन्याभराने २ तास आधी उगवेल. पण शेजारच्या ताऱ्यांपासूनचे त्याचे अंतर बदलणार नाही. हे अंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत बदलले, तर तो ग्रह आहे असे समजावे. अशा नोंदी वर्षभर ठेवणाऱ्याला दिवेलागणीचा पहिला ठिपका कोणता, हे इतरांना विचारावे लागत नाही.