पेंग्विन, केळी आणि एक नवाकोरा पीसी

कॉम्प्युटर असेम्बल करणं सोपं, त्यात काय टाकायचं हे ठरवणं महाकठीण! यावलच्या माझ्या मामेबहिणीने जळगावहून पार्ट्स आणले, मदरबोर्डवर प्रोसेसर बसवला, रॅमच्या पट्ट्या खोचल्या, स्क्रीनवर बायोस झळकलं... आणि गाडी तिथेच अडली. दुकानदाराची ऑफर तयारच होती, "विंडोज टाकून देतो ना, त्याचे पैसे नका देऊ!" आपल्याकडचा हा जुनाच फंडा. पण तिला तो परवडणारा नव्हता. मामांची बायपास झाल्यापासून ती पुण्याच्या कंपनीचं कोडिंग गावातूनच करते. कंपनीची अट साधी होती: मशीनवर चोरीचं सॉफ्टवेअर सापडलं, तर वर्क फ्रॉम होम बंद. म्हणजे यावल की पुणे, याचा फैसला एका पेन ड्राइव्हवर येऊन ठेपला होता.

ओरिजिनल विंडोजचे पैसे वेगळे, आणि बजेट तर रॅममध्येच संपलेलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाला, त्यामुळे जुनी सीडी शोधण्यातही अर्थ नव्हता. उरला लिनक्स. सर्व्हरवर ती रोज तेच वापरते. पण हा पीसी घरच्या हॉलमध्ये असणार. त्यावर मामा केळीचा हिशोब लिहिणार आणि मामी यूट्यूब लावणार.

या पेंग्विनशी कधीच ओळख झाली नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने कर्नल लिहायला घेतला. त्याभोवती वेगवेगळे लोक आपापलं पॅकेज बांधतात, त्याला म्हणतात डिस्ट्रो. वांगं एकच, पण कुणी भरीत करतं, कुणी भरली वांगी, तसं. (खान्देशात बसून दुसरं उदाहरण सुचणार कसं?) आणि डोळ्याला दिसतो तो मेनू, पॅनल, खिडक्या हे सगळं 'डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट' नावाचं आणखी वेगळं प्रकरण. ग्नोम, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, एक्सएफसीई... नवखा माणूस गोंधळतो तो इथेच.

तिचं मन फेडोरा आणि केडीईवर होतं. दिसायला सॉलिड, वाट्टेल ते बदला! पण फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला सपोर्ट मिळतो जेमतेम तेरा महिने. रात्री डेडलाइन आणि सकाळी अपग्रेड, असली थ्रिल कुणाला हवी? माझं मत लिनक्स मिंटला, सिनॅमनसकट. उबुंटूच्या दीर्घ सपोर्टवाल्या आवृत्तीवर बांधलेलं. जुलै २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला अपडेट मिळणार ते २०२९ पर्यंत. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात, त्यामुळे मामांना नवं काही शिकायला नको.

वादात रात्र गेली नाही, कारण लिनक्समध्ये भांडायची गरजच नसते. पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघायचं, डिस्कला हातही लागत नाही. आम्ही दोन्ही चालवले. आवाज, वाय-फाय, वेबकॅम, झोपवलेला पीसी पुन्हा जागा होतो का, सगळं तपासलं. प्रोसेसर एएमडीचा, ग्राफिक्स त्यातच, आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. एन्व्हिडियाचं कार्ड असतं तर कंपनीचा ड्रायव्हर बहुधा वेगळा टाकावा लागला असता.

मग मामांनी चष्म्यावरून बघत बॉम्ब टाकला, "काय गं, ह्याच्यात मराठी टाईप होईन का?"

होतं, आणि झक्कास होतं! सेटिंगमध्ये जाऊन मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड जोडायचा. शिफ्ट-एन दाबलं की ळ, शिफ्ट-जे दाबलं की ऱ. म्हणजे सातपुड्याच्या दऱ्या दऱ्याच राहतात, त्यांचा 'दर्या' होत नाही. यामागे बरीच मेहनत आहे. इंडलिनक्सच्या स्वयंसेवकांनी दोन हजारच्या दशकात भारतीय भाषांतल्या मेनूंवर काम केलं, रेड हॅटने २००४ मध्ये भारतीय लिप्यांचे 'लोहित' फॉन्ट सर्वांसाठी खुले केले, सी-डॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही डेबियनवर आधारलेली भारतीय डिस्ट्रोही आणली. अडचण आली ती मामांच्या जुन्या पत्रांची. डीटीपीवाल्याने युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेली, उघडली की निव्वळ अगम्य चिन्हं. अर्थात तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही हेच दिसतं. कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणली, काही काना-मात्रा हाताने दुरुस्त केल्या.

बाकी हिशोब लिब्रऑफिसमध्ये बसला. बँक, सातबारा ब्राउझरमध्ये. टॅली मात्र विंडोजचीच, पण ते काम मामांचे सीए बघतात म्हणून निभावलं. तुमच्या घरी रोज टॅली लागत असेल तर आधी विचार करा. झूमचं लिनक्स ॲप आहे. टीम्सचं स्वतंत्र ॲप मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये बंद केलं, त्यामुळे मीटिंग ब्राउझरमधून.

शेवटी मिंट टाकलं. 'होम'ची पार्टिशन वेगळी ठेवली, म्हणजे उद्या तिला केडीईची फारच आठवण आली तर फायली जागेवर ठेवून डिस्ट्रो बदलता येईल. टाइमशिफ्टने पहिला स्नॅपशॉट घेतला. आणि हो, यूपीएस! डिस्ट्रोआधी तो घ्या. केबिनेटमध्ये हवा खेळती ठेवा, तिकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक असेलच.

सोमवारी कंपनीच्या आयटीवाल्याने स्क्रीन शेअर करून तपासणी केली. व्हीपीएन जोडलं, डिस्क एन्क्रिप्टेड आहे का विचारलं. तो पर्याय आम्ही इन्स्टॉल करतानाच निवडला होता. दुपारी मंजुरीचा मेल आला. मामींनी शिऱ्याला टाकलं. मामांचा जुना प्रिंटर मात्र अजून रुसून बसलाय. पुढच्या वीकएन्डला त्याचा ड्रायव्हर शोधायचाय.