आवाजामुळे येणारा बहिरेपणा: संशोधन ‘मागे घेतले’ असे दिसले तर काय समजावे?

लातूरच्या डाळ मिलमध्ये किंवा नांदेडच्या जिनिंगमध्ये अनेक वर्षे काम केलेल्या व्यक्तीला हळूहळू कमी ऐकू येऊ लागते. घरात टीव्हीचा आवाज वाढतो, कानात शिट्टी वाजल्यासारखे होते. मग घरातले कोणीतरी मोबाईलवर वाचून सांगते, “या गोळीने फरक पडतो, दोन-दोन संशोधनांत लिहिलंय.” नंतर कळते की त्यातला एक लेख मागे घेतला आहे. अशा वेळी गोंधळून जाऊ नका.

लेख मागे का घेतात?

कारणे अनेक असतात. त्यातले एक म्हणजे एकच अभ्यास दोनदा छापणे. मोंढ्यात एकच पोते दोनदा काट्यावर ठेवले, तर नोंद दोन पोत्यांची होते, पण माल एकाचाच असतो. तसेच ६० कामगारांची तपासणी दोन नियतकालिकांत वेगळ्या शीर्षकाने छापली, तर वाचणाऱ्याला ते १२० कामगार वाटतात.

अशा वेळी साधारणपणे नंतर छापलेला लेख मागे घेतला जातो. आकडे विश्वासार्ह असतील तर पहिला लेख कायम राहतो. म्हणजे पुरावा खोटाच ठरतो असे नाही, पण तो एकदाच मोजायचा.

याने रुग्णाचे काय बिघडते?

उलटी थांबवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉन या औषधाच्या अभ्यासांची १९९७ मध्ये छाननी झाली. रुग्णांची २८ टक्के माहिती पुन्हा छापलेली निघाली. ती धरून हिशेब केल्यावर औषधाचा परिणाम २३ टक्के जास्त दिसत होता. उपचार प्रत्यक्षापेक्षा चांगला वाटला, की रुग्णाचा पैसा आणि वेळ चुकीच्या जागी जाऊ शकतो.

मग आवाजाने कान खराब होतात, हेही खोटे का?

नाही. ही गोष्ट अनेक देशांतील स्वतंत्र अभ्यासांनी सिद्ध झाली आहे. सुमारे ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास राहिल्यास आतल्या कानातील नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. त्या परत आणणारी सिद्ध झालेली गोळी आज उपलब्ध नाही. श्रवणयंत्राचा मात्र उपयोग होतो.

तुम्ही काय करावे?

• हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर इअरप्लग किंवा इअरमफ पूर्ण वेळ वापरा.
• वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करा. ४००० हर्ट्झच्या आसपास आलेख खाली गेलेला दिसणे ही सुरुवातीची खूण असते.
• नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील कान-नाक-घसा विभागात दाखवता येईल.
• रिपोर्ट जपून ठेवा. आवाजामुळे आलेला बहिरेपणा कायद्याने व्यावसायिक आजार मानला आहे. ईएसआय किंवा भरपाईच्या दाव्यात हे कागद लागतात.
• अचानक ऐकू येणे बंद झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

मोबाईलवर सापडलेला लेख डॉक्टरांना जरूर दाखवा आणि विचारा, “हे दोन वेगळे अभ्यास आहेत, की एकच दोनदा छापलेला?” हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.