समुद्र ओलांडून खेळणारा क्लब

संपादकांनी लिहायला सांगितलं होतं ते आइसलंडच्या फुटबॉलवर. २०१६च्या युरो स्पर्धेत या चिमुकल्या देशाने इंग्लंडला २-१ असं हरवलं आणि दोन वर्षांनी विश्वचषकात अर्जेंटिनाला बरोबरीत रोखलं. त्यावर भरपूर छापून आलं आहे. ते वाचताना माझी नजर अडकली ती प्रशिक्षकावर. युरोत लार्स लागरबेक यांच्या जोडीने आणि विश्वचषकात एकट्याने संघ सांभाळणारे हेइमिर हाल्ग्रिम्सन व्यवसायाने दंतवैद्य. त्यांचा दवाखाना देशाच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर होता. राष्ट्रीय संघाकडे येण्याआधी त्यांनी त्याच बेटावरच्या क्लबचे महिलांचे आणि पुरुषांचे संघ घडवले होते. क्लबचं नाव आयबीव्ही. राष्ट्रीय संघाचा विषय तिथेच सोडून मी या क्लबच्या मागे लागलो.

वेस्टमान्नाएयार या द्वीपसमूहात माणसांची कायमची वस्ती आहे ती फक्त हेइमाएय बेटावर. लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एक मोठं गाव. पोटापाण्याचा मुख्य धंदा मासेमारी. एवढ्याशा वस्तीचा हा क्लब फुटबॉल आणि हँडबॉल हे दोन्ही खेळ खेळतो, पुरुषांचे आणि महिलांचे संघ उभे करतो, खाली लहान मुलामुलींचे गट चालवतो. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये तो १९७९, १९९७ आणि १९९८ साली देशाचा विजेता ठरला. हँडबॉलमध्ये महिलांनी २००० ते २००६ या काळात चार वेळा विजेतेपद मिळवलं, तर पुरुषांनी २०१४, २०१८ आणि २०२३ साली. राजधानीतल्या श्रीमंत क्लबांनाही ही यादी हेवा वाटावा अशी आहे.

बेटावर पूर्वी दोन क्लब होते. १९१३चा थोर आणि १९२१चा टीर. त्यांच्यातली चुरस कडवी होती. १९४५मध्ये मुख्य भूमीवरच्या संघांशी एकत्र लढण्यासाठी संयुक्त संघटना झाली, तरी घरचे दोन क्लब वेगळेच राहिले. ते पूर्ण विलीन झाले १९९६मध्ये, आणि पुढच्या दोन्ही वर्षी फुटबॉलचं विजेतेपद बेटावर आलं.

मधलं १९७३ साल मात्र सगळ्यांहून वेगळं. २३ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर गावाच्या कडेलाच जमीन फाटली आणि लाव्हा उसळला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या बोटी बंदरात होत्या, म्हणून पाच हजारांहून अधिक लोकांना काही तासांत बेटाबाहेर नेता आलं. उद्रेक जुलैपर्यंत चालला. शेकडो घरं गाडली गेली. बंदराच्या तोंडाशी सरकणाऱ्या लाव्ह्यावर समुद्राचं पाणी मारून मारून लोकांनी बंदर वाचवलं. खेळाडूंची घरं राखेखाली होती, तरी संघ त्या वर्षी मुख्य भूमीवर राहून लीग खेळला. आदल्या वर्षी देशाचा चषक जिंकल्यामुळे युरोपातल्या स्पर्धेतही उतरला, आणि जर्मनीच्या बोरुसिया म्योन्शेनग्लाडबाखकडून दोन सामन्यांत मिळून १६ गोल खाऊन परतला. त्या वर्षी संघ मैदानात उतरला हीच मला या क्लबच्या इतिहासातली सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

पण क्लबचा खरा अभ्यास करायचा तर मैदानाआधी बोट पाहावी लागते. हेर्योल्फुर नावाची फेरी बोट हा या क्लबचा कणा. बाहेरचा प्रत्येक सामना समुद्रापलीकडे, आणि पाहुण्या संघालाही समुद्र ओलांडूनच यावं लागतं. २०१० साली समोरच्या किनाऱ्यावर लांडेयाहोब्न हे नवं बंदर सुरू झालं आणि पावणेतीन तासांचा प्रवास पाऊण तासाच्या आत आला. अडचण आहे ती वाळूची. तो किनारा म्हणजे हिमनद्यांच्या पाण्यातून आलेल्या काळ्या ज्वालामुखी वाळूचा सलग पट्टा, आणि शेजारीच मार्कारफ्ल्योट नदीचं मुख. बंदर उघडलं त्याच वर्षी एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेने नदीतला गाळ आणखी वाढवला. हिवाळ्यात लाटा ही वाळू बंदराच्या तोंडाशी आणून टाकतात. उपसावी, तर लाटांमुळे उपसणारं जहाजच कामाला येऊ शकत नाही. कमी पाण्यात चालणारी, विजेच्या बॅटऱ्यांवरची नवी हेर्योल्फुर २०१९मध्ये आली, त्याने बराच फरक पडला. तरी समुद्र खवळला की बोट दूरच्या थोरलाउक्सहोब्नला जाते, आणि पुन्हा तेच जवळपास तीन तास, उघड्या अटलांटिकमधून.

आता हंगाम आठवा. फुटबॉल मुख्यतः उन्हाळ्यात. हँडबॉल सप्टेंबर ते मे, नेमका वाळूच्या आणि वादळांच्या दिवसांत. म्हणजे क्लबचा अलीकडे सर्वांत यशस्वी ठरलेला खेळ सर्वांत वाईट समुद्रात प्रवास करतो. उलटी करकरून उतरलेल्या खेळाडूने बसने पुढे जायचं, तासभर धावायचं, आणि बोट सुटली नाही तर रात्र परक्या गावात काढायची. दुसऱ्या दिवशी यातल्या अनेकांना कामावर किंवा शाळेत जायचं असतं. लहान गटांचा भार पालकांवर पडतो. २००७पासून क्रीडासंघांसाठी सरकारचा प्रवासनिधी आहे, पण तो खर्चाचा काही भागच भरून काढतो.

उरलेला पैसा येतो कुठून? ऑगस्टच्या सुरुवातीच्या एका शनिवार-रविवारातून. १८७४ साली देशाच्या वसाहतीची हजार वर्षं साजरी होत असताना बेटवासीयांना मुख्य भूमीवर जाता आलं नाही, म्हणून त्यांनी आपल्याच दरीत उत्सव मांडला. तोच आज थ्योदहाउतिद नावाने चालतो आणि त्याचा यजमान आयबीव्ही आहे. बेटाच्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणसं येतात. रविवारी रात्री डोंगरउतारावर बसून हजारो लोक एकत्र गातात. तंबू, रांगा, साफसफाई यांत क्लबचे स्वयंसेवक राबतात, आणि त्या कमाईवर वर्षभर मुलांचं प्रशिक्षण चालतं.

ही व्यवस्था मला जितकी आवडते तितकीच तिची धास्ती वाटते. कोविडमुळे २०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षं उत्सव झाला नाही आणि क्लबची मुख्य मिळकतच गेली. या उत्सवातल्या लैंगिक अत्याचारांवरून देशात तीव्र वाद झाले. २०१६मध्ये काही कलाकारांनी कार्यक्रम न करण्याचा इशारा दिला होता. मुलांना घडवणाऱ्या संस्थेला ही जबाबदारी झटकता येणार नाही. दुसरी गळती माणसांची. शिक्षणासाठी तरुण मुख्य भूमीवर जातात आणि त्यांतले चांगले खेळाडू तिथल्या क्लबांना मिळतात. पुरुषांचा फुटबॉल संघ २०१९मध्ये खालच्या श्रेणीत गेला, २०२१मध्ये वर आला, २०२३मध्ये पुन्हा घसरला, २०२४मध्ये पुन्हा चढला आणि २०२५मध्ये टिकला.

सुविधा वाढत आहेत. कड्याखालच्या हाउस्टेइन्स मैदानावर २०२५मध्ये कृत्रिम गवत आलं. पण माझ्या मते या क्लबचं भवितव्य मैदानावर ठरणार नाही. लांडेयाहोब्न हिवाळाभर उघडं राहिलं, तर शिकायला गेलेल्या मुलाला बेटावरच्या संघातून खेळणं परवडेल, आणि एका शनिवार-रविवारच्या कमाईवर टांगलेला प्रवासखर्चही उतरेल. आइसलंडच्या सरकारने वाळू उपसण्याच्या खर्चाकडे पाहताना या क्लबचाही हिशेब धरायला हवा.