रडीचा डाव कोणाच्याच रक्तात नसतो

पावसाळ्यात मुळशी तालुक्यातल्या पौड खोऱ्यात भातखाचरांची चिखलणी सुरू झाली, की शाळेचं मैदानही खाचरासारखंच होतं. अशाच एका मैदानावर मुलांचा फुटबॉलचा सामना चालला होता. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला आणि दोन्हीकडून एकच गलका झाला, "आमचा थ्रो!" तेवढ्यात विटक्या आकाशी-पांढऱ्या शर्टातला, पाठीवर मेस्सीचं नाव असलेला एक लहानगा बचावपटू पुढे आला आणि म्हणाला, "सर, माझ्याच नडगीला लागला. थ्रो त्यांचा आहे."

त्याचा सोबती त्याच्यावर खेकसला, "अर्जेंटिनाचा शर्ट घालतोस आणि असलं सांगतोस?"

कडेला उभ्या असलेल्या एका पालकांनी लगेच विषय पुढे नेला. जपानी शिस्तीचे, इंग्रज सभ्य, दक्षिण अमेरिकेचे लबाड, आफ्रिकेचे दांडगे. "रक्तातच असतं हो ते," हा त्यांचा समारोप. असं बोलणं विश्वचषकाच्या दिवसांत चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. मुलं ते ऐकतात आणि शर्टाच्या रंगाबरोबर त्या देशाचा स्वभावही अंगावर चढवतात. म्हणून या समजुती एकेक करून तपासायला हव्यात.

गैरसमज १ : खिलाडूवृत्ती ही काही देशांची जन्मजात देणगी आहे.

वस्तुस्थिती : इंग्लंडचंच उदाहरण घेऊ. फुटबॉलचे नियम १८६३ मध्ये लंडनमध्ये लिहिले गेले. १८९१ मध्ये पेनल्टी किकचा नियम आला, तेव्हा कोरिंथियनसारख्या हौशी संघांना तो अपमान वाटला. सभ्य माणूस मुद्दाम चूक करतो हे गृहीत धरणंच त्यांना मान्य नव्हतं. 'सभ्य इंग्रज' ही प्रतिमा त्या काळातली.

त्याच इंग्लंडच्या प्रेक्षकांची १९७० आणि ८० च्या दशकांत युरोपभर दहशत होती. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यातल्या अंतिम सामन्याआधी दंगल झाली, भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. इंग्लिश क्लबांना पाच वर्षं युरोपीय स्पर्धांची दारं बंद झाली. आणि पुढे १९९० च्या विश्वचषकात फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला, तोही इंग्लंडच्याच संघाला. देश तोच आणि माणसंही त्याच मातीतली. शंभर वर्षांत त्या देशानं सभ्यता दाखवली, हुल्लडबाजी दाखवली आणि सुधारणाही दाखवली. वृत्ती रक्तात असती, तर ती इतकी बदलली नसती.

गैरसमज २ : हिंसाचार पाहिलेल्या देशांचे खेळाडू आडदांडच निघणार.

वस्तुस्थिती : या समजुतीत सत्याचा एक अंश आहे, म्हणूनच ती जास्त काळजीपूर्वक पाहायला हवी. एडवर्ड मिगेल, सेबॅस्टियन सायेघ आणि शंकर सत्यनाथ या अभ्यासकांनी २००८ मध्ये राष्ट्रीय संस्कृती आणि फुटबॉलमधली हिंसा यांवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. युरोपातल्या मोठ्या लीगमध्ये खेळणाऱ्या देशोदेशीच्या खेळाडूंना मिळालेली पिवळी आणि लाल कार्डं त्यांनी मोजली. ज्या देशात यादवी युद्ध जास्त काळ चाललं, तिथल्या खेळाडूंना सरासरीनं जास्त कार्डं मिळाल्याचं त्यांना दिसलं. खेळाडूचं वय, खेळायची जागा, देशाचं उत्पन्न हे सगळं हिशेबात धरूनही तो संबंध टिकला.

आता याचा अर्थ नीट लावू. त्यांनी मोजला तो युद्धाचा इतिहास, वंश नव्हे. लहानपणी आसपास काय घडलं याची छाया माणसाच्या वागण्यावर पडते, एवढंच त्यातून कळतं. शिवाय ही सरासरी आहे. एखाद्या खेळाडूच्या नावावर ती चिकटवता येत नाही.

कोलंबियाकडे पाहा. १९९४ च्या विश्वचषकात आंद्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच जाळ्यात चेंडू गेला आणि २ जुलैला मेडेयिनमध्ये त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. सगळं जग हादरलं. बरोबर वीस वर्षांनी, २०१४ च्या विश्वचषकात फेअर प्ले पुरस्कार मिळाला तो याच कोलंबियाच्या संघाला.

मुळशीकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला आणि तालुक्याचं नाव सांगितलं, की समोरचा हातात कोयता आहे का हे बघतो, अशी अवस्था झाली. चित्रपटाची कथा मात्र जमीन विकून उघड्यावर पडलेल्या शेतकरी कुटुंबाची होती. मुलगा गुन्हेगारीत गेला तो परिस्थितीच्या रेट्यानं. याच तालुक्यात १९२१ मध्ये धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी मुळशी सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. एका तालुक्याला एकाच शिक्क्यात बसवलं, की आपल्याला राग येतो. मग अख्ख्या देशाला तसंच बसवताना आपण थांबायला हवं.

गैरसमज ३ : देशादेशांतले सामने वैर वाढवतात, एकदा तर फुटबॉलमुळे युद्धच झालं.

वस्तुस्थिती : हे 'फुटबॉल युद्ध' म्हणजे एल साल्वाडोर आणि होंडुरास यांच्यातली १९६९ ची लढाई. जूनमध्ये दोघांत विश्वचषकाच्या पात्रता फेरीचे सामने झाले, प्रेक्षकांत मारामाऱ्या झाल्या आणि १४ जुलैला साल्वाडोरचं सैन्य सीमेपलीकडे गेलं. लढाई साधारण शंभर तास चालली. पण तिचं मूळ जमिनीत होतं. दाटीवाटीच्या साल्वाडोरमधून सुमारे तीन लाख माणसं पोट भरायला होंडुरासमध्ये गेली होती. होंडुरासनं जमीनसुधारणेचा कायदा लागू केला आणि या लोकांना कसत असलेल्या जमिनींवरून हुसकायला सुरुवात केली. सरपण आधीच रचलेलं होतं. सामन्यांची ठिणगी त्यावर पडली.

याच्या उलट चित्र २१ जून १९९८ ला फ्रान्समधल्या लियोंला दिसलं. इराण आणि अमेरिका यांचे राजनैतिक संबंध तुटलेले होते. इराणच्या खेळाडूंनी अमेरिकेच्या खेळाडूंना पांढरी फुलं दिली, दोन्ही संघांनी एकत्र फोटो काढला आणि मग जीव तोडून खेळले. इराण २-१ नं जिंकलं.

असा एक सामना आपल्या वेशीवरही झाला आहे. म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचे सामने झाले. २७ जानेवारीला तिथे जपान आणि दक्षिण कोरिया समोरासमोर आले. १९१० ते १९४५ कोरियावर जपानची सत्ता होती आणि ती जखम अजून पुरती भरलेली नाही. सामना चुरशीचा झाला, १-१ असा सुटला. वैर राजकारणात तयार होतं. मैदानावर त्याला आवर घालणारे नियम आणि पंच असतात, आणि असं ठिकाण जगात फारसं कुठे मिळत नाही.

गैरसमज ४ : ज्या संघाला कार्डं कमी, तो संघ जास्त खिलाडू.

वस्तुस्थिती : पिवळं आणि लाल कार्ड विश्वचषकात पहिल्यांदा १९७० मध्ये मेक्सिकोत आलं. इंग्लिश पंच केन ॲस्टन यांना ही कल्पना रस्त्यावरच्या सिग्नलवरून सुचली. कार्ड नियमभंग मोजतं. मनातला प्रामाणिकपणा त्याला मोजता येत नाही.

२०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, गोल सारखे, आपसातला सामनाही २-२ असा बरोबरीत. शेवटी कार्डं मोजली गेली. जपानची पिवळी कार्डं चार, सेनेगलची सहा. जपान पुढच्या फेरीत गेला. पण पोलंडविरुद्धच्या गटातल्या शेवटच्या सामन्यात ०-१ असा मागे असताना, जवळपास शेवटची दहा मिनिटं जपानी खेळाडू आपल्याच हद्दीत चेंडू इकडून तिकडे देत राहिले. त्याच वेळी दुसऱ्या सामन्यात सेनेगल हरत होता आणि आहे ती स्थिती जपानच्या सोयीची होती. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. नियम मोडला नव्हता, पण त्याला खेळ म्हणणंही जड गेलं.

पुढच्या फेरीत जपान बेल्जियमकडून २-३ असा हरला. तेव्हा खेळाडूंनी आपली कपडे बदलायची खोली झाडून-पुसून लख्ख केली आणि रशियन भाषेत 'धन्यवाद' लिहिलेली पाटी ठेवून ते निघाले. एकाच आठवड्यात एकाच संघानं या दोन्ही गोष्टी केल्या.

जपानी प्रेक्षकही १९९८ पासून विश्वचषकात आपापल्या जागेचा कचरा गोळा करूनच बाहेर पडतात. ही सवय त्यांना शाळेत लागते. तिथे वर्ग आणि व्हरांडा रोज मुलंच झाडतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत परिपाठाआधी मुलं हेच काम करतात. फरक इतकाच की ती सवय शाळेच्या फाटकाबाहेर पडून मैदानापर्यंत आणि जत्रेपर्यंत पोचेल, याची काळजी तिथे घेतली गेली.

गैरसमज ५ : जखमी खेळाडूसाठी बाहेर मारलेला चेंडू परत द्यायचा, असा नियमच आहे.

वस्तुस्थिती : असा नियम नाही. दुखापत गंभीर असेल तर पंच खेळ थांबवतात, किरकोळ असेल तर खेळ चालू राहतो. चेंडू मुद्दाम बाहेर मारणं आणि समोरच्यांनी तो परत देणं ही खेळाडूंनी आपापसांत पाळलेली रीत आहे. पुस्तकात नसूनही ती पाळली जाते, म्हणून तिचं मोल मोठं. आपल्याकडे जत्रेच्या फडात पैलवान हातात माती घेऊन एकमेकांच्या हाताला लावतात आणि मग सलामी झडते. त्यामागेही असाच शब्द असतो. आता झुंजू, पण दगा देणार नाही.

ही रीत कुठवर जाऊ शकते, हे डेन्मार्कच्या मॉर्टन वीगहोर्स्टनं दाखवलं. फेब्रुवारी २००३, हाँगकाँगमध्ये डेन्मार्क विरुद्ध इराण. पहिला अर्धा भाग संपत आला होता. प्रेक्षकांतून कोणीतरी शिट्टी वाजवली. पंचांनी मध्यंतर दिलं असं वाटून इराणच्या बचावपटूनं आपल्याच पेनल्टी क्षेत्रात चेंडू हातात उचलला. नियमानं पेनल्टी, पंचांनी ती दिलीही. वीगहोर्स्टनं प्रशिक्षक मॉर्टन ओल्सेन यांच्याशी दोन शब्द बोलून घेतले आणि चेंडू मुद्दाम गोलच्या बाहेर मारला. डेन्मार्क तो सामना ०-१ असा हरला. तो एक गोल मिळाला असता तर बरोबरी होती.

गैरसमज ६ : फुटबॉलची संस्कृती बाहेरची, आपण तर अनवाणी खेळणारे, म्हणून विश्वचषकाला मुकलो.

वस्तुस्थिती : १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे थोडक्यात हरले, हे खरं. पण १९५० च्या विश्वचषकाला भारत गेला नाही तो बूट नव्हते म्हणून नव्हे. गटातल्या इतर संघांनी माघार घेतल्यामुळे भारताला प्रवेश मिळाला होता आणि ब्राझीलचे आयोजक प्रवासाचा बराचसा खर्च द्यायला तयार होते. आपल्या महासंघाला मात्र तेव्हा विश्वचषकापेक्षा ऑलिम्पिक मोठं वाटत होतं, शिवाय लांबचा प्रवास आणि सरावाला कमी वेळ या सबबी होत्या. त्या काळचे भारतीय फुटबॉलपटू शैलेन मन्ना यांनीही पुढे अनवाणी पायांची कथा नाकारली.

आणि ही संस्कृती आपली नाही, असं कसं म्हणायचं? मुंबईत रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. तिथल्या ईर्षेतून कधी वाद पेटतात, हेही कोल्हापूरकर मोकळेपणी सांगतील. ईर्षा आणि माया दोन्ही आपल्याच आहेत. त्यातलं काय वाढवायचं, हे मुलांना शिकवणाऱ्या मोठ्यांच्या हातात असतं.

पौड खोऱ्यातल्या त्या सामन्यात 'त्यांचा आहे' म्हटलेल्या थ्रोवरून गोल झाला नाही. थोड्या वेळानं चेंडू पुन्हा रेषेबाहेर गेला. यावेळी गलका झाला नाही. समोरच्या संघातल्या एका मुलानं चिखलानं माखलेला हात वर केला आणि म्हणाला, "आमचा लागला." त्याच्या अंगात ब्राझीलचा पिवळा शर्ट होता. ही गोष्ट तो ब्राझीलकडून शिकला नव्हता. पाच मिनिटांपूर्वी, समोरच्या मुलाकडून शिकला होता.